लग्नाचं सोनं कुठून आलं, हे नागपुरात बसून कसं कळणार?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपूरच्याच आहेत आणि फाल्गुनात त्यांचं लग्न आहे. नदीत पारा सोडून, जंगल कापून किंवा लहान पोरांना खड्ड्यात उतरवून काढलेलं सोनं अंगावर नको, असं त्यांनी आणि होणाऱ्या नवऱ्यानं ठरवलं आहे. घरात आजीच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आहेत. एका दुकानात ‘रिसायकल्ड सोनं’ म्हणून ग्रॅममागे जादा पैसे सांगितले. दुसऱ्या दुकानात म्हणाले, लॅबमधला हिरा घ्या, प्रश्नच मिटतो. सासरच्यांचं म्हणणं असं की लग्नात मोडीचं सोनं घालू नये. यातलं खरं काय आणि तपासायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

मी इतवारीच्या सराफ्यात घडाईचं काम करतो. पेढी वडिलांची, आता माझ्याकडे आहे. शोरूममधला तयार माल विकण्यापेक्षा घडवण्यावर माझं पोट आहे, तेव्हा माझं मत कुठे झुकणार हे धरूनच पुढचं वाचा.

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. एक खाणीचा, आणि दुसरा खाणीपासून तुमच्या गळ्यापर्यंत ते सोनं ज्यांच्या ज्यांच्या हातून गेलं त्यांचा. पहिल्याचं उत्तर नागपुरातला कोणताही सराफ छातीठोकपणे देऊ शकत नाही. देत असेल तर तिथून उठलेलं बरं. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुम्ही स्वतः एका दुपारी फिरून पाहू शकता. गंमत अशी की गिऱ्हाईक सगळी ताकद पहिल्यावर लावतं आणि दुसरं विचारतच नाही.

खाणीचं का सांगता येत नाही ते आधी. भारतात सोनं निघतं ते नावाला. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात हट्टीची खाण चालू आहे, तिथून वर्षाला साधारण दीड टन निघतं. आपण आयात करतो वर्षाला ७००-८०० टनांच्या आसपास. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आपल्या सिव्हिल लाइन्सला आहे, उमरेड-भिवापूरच्या पट्ट्यात सोन्याचे अंश सापडल्याच्या नोंदीही आहेत, पण सराफ्यात इथल्या मातीतलं सोनं गुंजभर नाही. म्हणजे जे काही नवं सोनं इतवारीत येतं ते परदेशातून. बँका आणि परवानाधारक संस्था ते मागवतात, नाहीतर अर्धशुद्ध डोरे इथल्या रिफायनरीत येऊन चोख होतं. मग बुलियनवाला, मग सराफ. सराफ त्या लगडीत, म्हणजे सोन्याच्या कांबीत, गिऱ्हाइकांकडून आलेली मोड, म्हणजे जुने दागिने, मिसळतो, कारागिराला देतो, कारागिराकडे दुसऱ्या तीन पेढ्यांचंही सोनं असतं. गिरणीतून आणलेल्या पिठात कोणत्या शेतातला गहू किती, हे सांगता येईल का? सोनं तर त्याहून बेरकी, कारण ते कितीही वेळा आटवलं तरी तसंच राहतं, कुठली खूण मागे ठेवत नाही.

आणि तुमची काळजी खोटी नाही. जगातलं साधारण पाचवा हिस्सा सोनं लहान खाणकाम करणारे लोक काढतात. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, इंडोनेशिया मिळून असे दीड-दोन कोटी लोक असतील. दगड कुटून त्यात पारा घालायचा, पारा सोन्याला धरतो, मग तो गोळा उघड्यावर तापवायचा, पारा वाफ होऊन उडतो. माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा एवढ्या एका धंद्याचा आहे. त्यासाठीच २०१३ मध्ये मिनामाटा करार झाला, २०१७ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. मोठ्या खाणींचं दुखणं वेगळं. आजकाल कित्येक खाणींत टनभर दगडामागे एक-दोन ग्रॅम सोनं हाती लागतं, आणि ते सायनाइडच्या पाण्यानं काढतात. रोमानियात बाया मारेजवळ २००० साली असल्या पाण्याचा बांध फुटला आणि विष थेट हंगेरीतल्या टिसा नदीपर्यंत गेलं. कोलारला खाण बंद झाली, पण गाळाचे डोंगर अजून गावाशेजारी उभे आहेत, वारा सुटला की धूळ घरात येते.

मात्र लहान खाणवाला म्हणजे खलनायक, असं मी मानत नाही. त्यानं काय करावं, शेत पिकत नाही म्हणून तो खड्ड्यात उतरतो. फेअरमाइन्ड, फेअरट्रेड अशी प्रमाणपत्रं त्याच्यासाठीच निघाली, त्याला नीट भाव मिळावा आणि पाऱ्याचा वापर कमी व्हावा म्हणून. कल्पना मला पटते. पण ते सोनं वेगळं ठेवून, वेगळं आटवून, वेगळं घडवावं लागतं. इतवारीत मला तशी सोय दिसत नाही.

मग कागद तरी कोणता मागायचा? हॉलमार्क तर हवाच. बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२के९१६ असा कस आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक), या तीन खुणा. १ एप्रिल २०२३ पासून या एचयूआयडीशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही (दोन ग्रॅमच्या आतलं, कुंदन, पोलकी, जडाव अशा काही सुटी सोडून). मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाका, कोणत्या सराफानं दिलं, कोणत्या केंद्रात तपासलं, कस किती, सगळं दिसतं. पण नीट समजून घ्या: हॉलमार्क फक्त कस सांगतो. ते सोनं काँगोतलं की पेरूतलं, चोरीचं की सरळ, हे तो सांगत नाही. माझ्या समोर बसून लोक म्हणतात, ‘हॉलमार्क आहे ना, मग सगळं क्लिअर.’ तसं नाही.

दुसरा कागद पक्कं बिल. आपल्या बाजारातलं वाईट सोनं बहुतेक वेळा दूरच्या खाणीतलं नसतं, ते बिनबिलाचं असतं. आखाती देशांतून पेस्ट करून, कपड्यात शिवून आणलेलं. आणि आफ्रिकेतलं हिशेबाबाहेरचं सोनं मोठ्या प्रमाणावर दुबईतच येतं. तेव्हा ‘बिल नको असेल तर जीएसटी वाचतो’ असं कुणी सुचवलं, की तुमच्या तत्त्वांचा निकाल तिथंच लागला. पर्यावरणाबद्दल तासभर बोलून शेवटी कच्च्या चिठ्ठीवर माल नेणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. बिलात निव्वळ वजन, कस, भाव, घडणावळ, हॉलमार्कचा खर्च हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं.

तिसरं, थोडं पुढचं: सराफाला विचारा, ‘तुमची लगड कोणत्या रिफायनरीची?’ लंडनच्या एलबीएमए या सोने-चांदी बाजाराच्या संघटनेच्या मान्यतेतल्या रिफायनऱ्यांना २०१२ पासून सोनं कुठून घेतलं याची बाहेरच्या माणसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. आपल्याकडे हरियाणातली एमएमटीसी-पॅम्प त्या यादीत आहे. अशा लगडीवर क्रमांक असतो. ही तपासणी काही ब्रह्मवाक्य नाही, त्यातूनही वाईट माल निसटल्याची उदाहरणं आहेत. पण जो सराफ हा प्रश्न ऐकून चिडत नाही, कपाटातून पाकीट काढून दाखवतो, त्याच्याशी पुढचं बोलायला हरकत नाही.

आता तो ‘रिसायकल्ड’चा जादा भाव. आपल्या देशात मोड आटवून नवं करणं ही काय नवी गोष्ट आहे? भारतातल्या घराघरांत २० ते २५ हजार टन सोनं असावं असा अंदाज सांगतात, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या फिरतंच आहे. माझ्या पेढीवरचं निम्म्याहून जास्त सोनं कुणाच्या ना कुणाच्या घरून आलेलं असतं. त्यासाठी मी जादा पैसे मागितले तर वडील वरून हसतील. शिवाय त्या शब्दात एक पळवाट आहे. नुकतंच खाणीतून निघालेलं सोनं ओबडधोबड बांगडीच्या रूपात ओतायचं आणि मग ती ‘मोड’ म्हणून रिफायनरीत द्यायची, की कागदावर ते जुनं सोनं झालं. म्हणून कुणी रिसायकल्ड म्हटलं की विचारा: कुणाची मोड, कुठे आटवली, कुठे लिहिलंय? उत्तर नसेल तर जादा पैसे देऊ नका.

तुमच्याकडे तर आजीच्या पाटल्या आहेत. माझं म्हणणं, सगळा विचार तिथून सुरू करा.

आधी हे ठरवा की त्या मोडायच्या आहेत का. हातानं तासलेल्या किंवा छापाच्या चांगल्या जुन्या पाटल्या असतील तर मी स्वतः मोडायला नकार देतो. तसं काम करणारे हात आता कमी राहिलेत. झिजलेली कड सावरून, उजळून तशाच घातल्या तर त्याहून कमी खर्चाचा आणि कमी नुकसानीचा दागिना जगात नाही. मोडायच्याच असतील तर हिशेब समजून घ्या. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा बाजारातला १० चा. म्हणजे चार तोळे साधारण ४६ ग्रॅम. पण जुनं काम सरसकट २२ कॅरेटचं नसतं, त्यातून सांध्यांच्या डाकानं (जोडायला वापरतात त्या मिश्रधातूनं) कस आणखी उतरतो. समजा आटवून २० कॅरेट निघालं. तर त्यात चोख सोनं ३८-३९ ग्रॅम. त्याचं २२ कॅरेट करायचं तर ४२ ग्रॅमच्या आसपास होईल, १८ कॅरेट केलं तर ५१ पर्यंत जाईल, घट वेगळी. मंगळसूत्राच्या वाट्यांना २२ ठीक, पण खडा बसवायच्या पेंडंटला आणि अंगठीला १८ च बरं, ते कडक असतं, खडा घट्ट धरतं. आणि १८ ला हॉलमार्क मिळतोच. म्हणजे नव्या सोन्याचा एक कणही न घेता लग्नाचा मुख्य दागिना होतो. वऱ्हाडात पोत घालतात तशी साधी पोत केली तर आणखी काही उरेलसुद्धा.

आटवताना समोर बसा. कोणताही बरा सराफ नाही म्हणणार नाही. आधी वजन, मग खडे-लाख-मेण काढून वजन, मग मुशीत टाकणखार घालून आटणी, मग लगडीचं वजन. तिन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. कसाबद्दल शंका असेल तर हॉलमार्किंग केंद्रात गिऱ्हाईक म्हणून थेट तपासून मिळतं, चार नगांपर्यंत २०० रुपये अधिक कर असा दर आहे. कॅरेट मीटरच्या मशीनवर वरवरचा कस दिसतो, मुलामा असेल तर ते फसतं. आटवलेल्या लगडीचा कस हाच खरा.

इथे एक प्रामाणिक मुद्दा, नाहीतर मी माझा धंदाच पुढे रेटतोय असं होईल. पाटल्या शोरूममध्ये देऊन तिथला तयार हार ‘एक्स्चेंज’मध्ये घेतला, तर खाणीच्या हिशेबानं फार फरक पडत नाही. तुमचं सोनं कुठेतरी आटून बाजारात परत येतंच, तेवढं नवं कमी लागतं. फरक पडतो तो असा की तुमच्या अंगावर कोणतं सोनं आहे हे तुम्हाला माहीत नसतं, बट्ट्यात कापलं जातं ते वेगळं, आणि घडाई नागपुरात होत नाही.

घडाईवरून आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते खरं पाणी तिथं मुरतं. इतवारीच्या मागच्या गल्ल्यांत माळ्यावरच्या खोल्यांत बहुतेक बंगाली कारागीर बसतात. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण, गॅसची बत्ती, तेजाबाची बाटली, खिडकी असली तर सोन्याची बारीक धूळ उडू नये म्हणून बंद. तुमच्या आईला ‘केडीएम’ हा शब्द आठवत असेल. एकेकाळी केडीएम म्हणजे भारी सोनं असं समजायचे. ते कॅडमियम. डाकात कॅडमियम घातलं की सांधा कमी तापमानाला वितळतो आणि कस उतरत नाही, म्हणून सराफ खूश. पण त्याची वाफ फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना खाते, आणि ती घेणारा माणूस तुम्हाला कधी दिसत नाही. आता झिंकसारख्या धातूंचे डाक आलेत. तरी विचारा. ‘डाक कशाचा?’ हा प्रश्न गिऱ्हाइकानं विचारला की कारागीर दचकून वर बघतो, पण त्याला बरं वाटतं.

मग घडणावळ. ‘काऊन भाऊ, मशीनवर तर कमी घेतात?’ हे रोजचं आहे. लोक सोन्याच्या भावात एक रुपया कमी करत नाहीत, कारण तो पेपरात छापलेला असतो. सगळी घासाघीस घडणावळीवर. आणि कारागिराची मजुरी त्या घडणावळीतूनच निघते, तीही सराफानं आपला वाटा काढल्यावर. लाखांच्या खरेदीत दोन हजार कमी करून घेतल्याचा आनंद तुमचा, आणि तेवढे पैसे कापले जातात ते माळ्यावरच्या माणसाचे. खाणीतल्या पोराबद्दल हळहळ आणि वीस पायऱ्या वर बसलेल्या माणसाच्या मजुरीवर घासाघीस, हे मला एकत्र पटत नाही. तेव्हा घडणावळ ठरवताना विचारा की यातलं कारागिराला किती जातं. शक्य असेल तर खोली बघायला मागा: पंखा ओढून बाहेर टाकणारा आहे का, तेजाब कुठे सांडतात, काम करणारे सगळे सज्ञान आहेत का. दाखवायला टाळाटाळ झाली तर ते उत्तरच समजा.

झाडलोटीचंही सांगतो. दुकानाची धूळ आम्ही टाकत नाही, ती झारेकरी विकत घेतात. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या सोनझारी लोकांची नदीची वाळू धुवायची विद्या पिढ्यांची आहे. शासनाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीखाली ‘सोनझारी झारेका’ असं नावही आहे. सराफ्यातल्या नाल्यांचा गाळ धुऊन त्यातून कण काढायचं काम हेच लोक करतात. रिसायकलिंगचं खरं काम ते. त्यांच्यासाठी कुणी प्रमाणपत्र काढलेलं नाही, आणि त्यांच्याही हातांत तेजाब नि पाराच असतो.

हिऱ्याबद्दल थोडक्यात. किंबर्ली प्रक्रिया ही रक्तरंजित हिरे रोखायची आंतरराष्ट्रीय व्यवस्था २००३ पासून आहे, पण ती फक्त कच्च्या हिऱ्याला लागू आणि तीही बंडखोर टोळ्यांना पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांपुरती. सरकारी सैन्यानंच खाणीवर अत्याचार केले तर ते तिच्या व्याख्येत बसत नाही. झिंबाब्वेच्या मारांगेत तेच झालं. पैलू पडल्यावर तर कागद मागे राहतो. जीआयए-आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं नेहमीचं प्रमाणपत्र हिऱ्याचा दर्जा सांगतं, तो कोणत्या हातांतून आला हे सांगत नाही. जवळची खाण म्हणून मध्य प्रदेशातल्या पन्ना गावाचं नाव घेतलं जातं, पण तिथली मोठी खाण अभयारण्यात आहे, आणि शेजारच्या छतरपूर जिल्ह्यात बक्सवाहाच्या हिऱ्यांसाठी दोन लाखांहून जास्त झाडं तोडायची योजना होती, त्यावरून २०२१ मध्ये केवढा गदारोळ झाला.

लॅबमधला हिरा खरा हिराच असतो. खाण नाही, हे त्याचं मोठं बळ. पण तो वाढवायला आठवडे-आठवडे अखंड वीज लागते, हजार अंशांच्या आसपास तापमान धरून ठेवावं लागतं, आणि आपल्या देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची. कोराडी-खापरखेड्याची राख आपल्याला वेगळी सांगायला नको. म्हणून विचारा की ही लॅब कुठली, तिची वीज कुठली. सौर किंवा पवनऊर्जेवर चालते असं कागदावर मिळालं तर मी तो खाणीतल्या हिऱ्यापेक्षा बरा म्हणेन. एवढं मात्र धरून चला की त्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळलेत आणि परत विकायला गेलात तर जवळपास काही मिळत नाही. हौस म्हणून घ्या, ठेव म्हणून नको. आणि आजीच्या किंवा आईच्या नथीत, कुड्यांत जुना खडा असेल तर तोच पेंडंटमध्ये बसवा. मी तेच सुचवेन.

तुम्ही विचारलं नाही, तरी आपल्या भागात राहून सांगायलाच हवं. लग्नाच्या निमित्तानं नवरदेवासाठी सोन्यात मढवलेलं वाघनख कुणीतरी काढतंच. खरं असेल तर हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, शिक्षा किमान ३ वर्षं, ७ पर्यंत. आजोबांचं आहे, म्हणून सुटत नाही. मी मढवायला घेत नाही, शेजारच्यांनाही घेऊ देत नाही. बाजारात मिळणारी बहुतेक प्लास्टिकची किंवा शिंगाची असतात, पण त्या हौसेनंच खऱ्याची मागणी टिकते.

आता सासरचं. मोडीचं सोनं अशुभ, असं मला आमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांकडून कधी ऐकायला मिळालं नाही. उलट सासूनं सुनेला आपल्या पाटल्या आटवून पोत करून देणं हीच रीत होती. त्यांना काळजी बहुधा ही असेल की लोक काय म्हणतील. आटून घडवलेल्या दागिन्यावर नवा हॉलमार्क, नवा एचयूआयडी येतो, तो कुठल्याही अर्थानं जुना दिसत नाही. हवं तर त्यांनाच आटणीच्या दिवशी सोबत आणा. मुशीतून लगड निघताना पाहिली की बहुतेकांचा विरोध मावळतो, निदान माझ्याकडे तरी.

आणि वेळेचं बघा. फाल्गुनातलं लग्न म्हणजे ऐन सराई. पौषात लग्नं नसतात, कारागीर मोकळे असतात, घाईची मजुरीही लागत नाही. आटणी, कस, घाट ठरवणं, घडाई, मग हॉलमार्कला पाठवणं, यात महिना सहज जातो. हाताचं काम करून हवं असेल तर पौष लागताच पाटल्या घेऊन कुणाकडेही जा, पण पौषातच जा. माघात आलात तर तयार माल घ्यायलाच लावतील.